दिआनीच्या तारा, रस्ता आणि कोलोबस : प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, चिपळूण

पिवळ्या तापाची लस घेऊन झाली. कार्ड पासपोर्टाच्या कव्हरात ठेवलं. केनियाहून परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात आणि लस टोचल्यावर दहा दिवस उलटल्याशिवाय ते ग्राह्य धरत नाहीत, म्हणून घाई केली. रेबीजचे डोस पूर्ण. क्षयरोगाची तपासणीही करून घेतली, कारण माणसाचा क्षय माकडाला लागतो. केनियाने या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे, तोही हातात आला.

मी वीज वितरणात ज्युनियर इंजिनियर आहे. 'वानर लागून फीडर ट्रिप', म्हणजे वानर तारांना लागून लाईन आपोआप बंद, ही नोंद आमच्याकडे नेहमीची. एका ओळीत ती संपते आणि लाईन चार्ज झाली की विषयही संपतो. खाली पडलेल्या वानराला वाडीतली माणसं हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात, नीट खड्डा खणून पुरतात. त्यांच्या शेजारी उभं राहून मला दरवेळी वाटतं की खरं काम या खड्ड्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि ते आम्हा तारावाल्यांचं आहे.

दिआनीचं नाव कळलं ते २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातून. केनियाच्या किनाऱ्यावरच्या या एका गावात माकडांना शॉक लागल्याच्या १९९८ ते २०१६ पर्यंतच्या नोंदी सलग ठेवलेल्या होत्या आणि कुठल्या जागी पुन्हा पुन्हा शॉक लागतो हे त्यांनी नकाशावर काढलं होतं. बळींमध्ये बहुतेक कोलोबस, म्हणजे पानं खाणारी काळी-पांढरी माकडं. तिथल्या माकडांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मी स्वयंसेवक म्हणून लिहिलं की प्राण्यांचं मला काही येत नाही, तारांचं येतं, चालेल का? उत्तर आलं, या.

३ सप्टेंबर, दिआनी

मोम्बासा हे बेट आहे. दक्षिणेला जायला लिकोनीची फेरी घेतली. पायी माणसांना तिकीट नाही, त्यामुळे एका वेळी हजारो लोक चढतात-उतरतात, डोक्यावर केळी, हातात कोंबड्या, कमरेला ऑफिसची ओळखपत्रं. पलीकडून मटाटूने (वाटेत माणसं घेत जाणारी छोटी बस) उकुंडा, तिथून टुकटुकने दिआनी.

इथली जमीन जुन्या प्रवाळाच्या खडकाची. वर जेमतेम माती, आणि तेवढ्यावर किनारी जंगल उभं राहिलेलं. समुद्राला समांतर एक डांबरी रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला हॉटेलं आणि बंगले, दुसऱ्या अंगाला दुकानं, वस्ती, शेती. जंगल आता सलग नाही, कुंपणाकुंपणात तुकड्यांनी उरलं आहे. माकडांना खायला एका तुकड्यातून दुसऱ्यात जावंच लागतं, आणि मध्ये आडवे आहेत रस्ता आणि तारा.

या रस्त्यावर कोलोबस चिरडून मरू लागले तेव्हा इथल्याच रहिवाशांनी आवाज उठवला आणि त्यातून १९९७ साली ही संस्था उभी राहिली. आज तिचं नाव कोलोबस कॉन्झर्व्हेशन. दवाखाना आहे, जखमी माकडाची खबर द्यायला फोन आहे, पोरक्या माकडांना वाढवून रानात सोडण्याची सोय आहे, देशी झाडांची रोपवाटिका आहे.

नियम पहिल्याच दिवशी सांगितले. रानातल्या माकडाला हात नाही, खाऊ नाही. पिल्लाला कडेवर घेऊन फोटो तर नाहीच नाही. २०२१ साली आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना) माकडवर्गीय प्राण्यांच्या छायाचित्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही माणूस आणि प्राणी एका चौकटीत असतील तर किमान ७ मीटर अंतर दिसलं पाहिजे असं आहे. माणसाच्या मांडीवरचं पिल्लू पाहून लोकांना ते पाळावंसं वाटतं आणि बाजार तिथून सुरू होतो. मला हा नियम मनापासून पटला. स्वयंसेवक म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात ते पिल्लूच असतं, आणि ते मनातून काढून मग कामाला लागणं हीच इथली खरी भरती.

५ सप्टेंबर

पहाटे कोलोबस नराच्या आवाजाने जाग आली. घशातून काढलेला, खर्जातला, लांबलेला. उत्तर दुसऱ्या तुकड्यातून आलं.

कोलोबस पहिल्यांदा पाहिला तो रोपवाटिकेच्या वर. काळंभोर अंग, चेहऱ्याभोवती आणि खांद्यांवरून लोंबणारे लांब पांढरे केस, शेपटीचं टोक पांढरं. माझ्या सरावलेल्या डोळ्यांना त्याची बसण्याची ढब लगेच ओळखीची वाटली: शेपूट सरळ खाली सोडून, गुडघे वर घेऊन, हातात फांदी ओढून शांतपणे पानं खाणं. आपलं वानर आणि हा कोलोबस एकाच उपकुळातले, दोघेही पानं खाणारे. पोटात कप्पे असतात, पानं तिथे आंबवून पचवतात, म्हणून दिवसाचा मोठा भाग नुसतं बसून काढतात. अंगठा जवळजवळ नाहीच, जागेवर फक्त खुंट. उरलेल्या चार बोटांचा आकडा करून ते फांदीला लटकतात.

पिल्लू जन्मतः पूर्ण पांढरं असतं, तोंड गुलाबी. साधारण तीन महिन्यांत ते आईबापासारखं काळं-पांढरं होतं. कळपातल्या इतर माद्याही त्याला आळीपाळीने घेतात.

ही अंगोलन कोलोबसची पूर्व किनाऱ्यावरची उपजात, केनिया आणि टांझानियात आढळणारी. आययूसीएनच्या यादीत ती असुरक्षित गटात आहे. केनियात ती दक्षिण किनाऱ्याच्या जंगलांपुरतीच उरली आहे.

माझ्या वहीत आज एकच आकडा ठळक लिहिला: डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सव्वा ते दीड मीटर. तारांमधलं अंतर या आकड्याशी ताडून पाहायचं आहे.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. सकाळी घरच्या आरतीला फोनवरून हजर राहिले. कोकणातली बाई आणि गणपतीला घरी नाही, हे आईला अजून पचलेलं नाही. इथे स्वयंपाकाच्या मावशींनी नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरी आणि वेलचीचे माहाम्री (तळलेले गोडसर पाव) केले होते. तेच नैवेद्याला दाखवलं.

दुपारपासून खांबनिहाय सर्वे सुरू. सोबत संस्थेचे झाडावर चढणारे फुंडी (स्वाहिलीत कारागीर), जन्म याच गावातला, डिगो समाजाचे. मी वरच्या तारा बघते, ते वरच्या वाटा बघतात. "इथून उडी मारतात, इंजिनियर," ते काठीने दाखवतात, आणि तिथली साल खरंच घासून गुळगुळीत झालेली असते. माकडांच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. खांब नंतर आले.

रकाने ठरवले: खांबाचा प्रकार, एचटी (उच्चदाब) की एलटी (लघुदाब), तारांची मांडणी आडवी की उभी, दोन तारांतलं अंतर, जवळच्या फांदीचं अंतर, कोणतं झाड, जुन्या नोंदीत इथे शॉक आहे का.

१२ सप्टेंबर

संध्याकाळी इतर स्वयंसेवकांनी विचारलं की कावळा तारेवर बसतो त्याला काही होत नाही, मग माकड का मरतं? खडूने फरशीवर आकृती काढून सांगितलं. प्रवाह वाहायला फरक लागतो. एकाच तारेवर बसलेल्याच्या दोन्ही पायांत विजेचा दाब सारखाच, म्हणून त्याच्यातून प्रवाह वाहत नाही. दुसऱ्या फेजला, न्यूट्रलला किंवा जमिनीशी जोडलेल्या धातूला त्याच वेळी हात, पाय, शेपूट काहीही लागलं की शरीरातून वाट मिळाली. कावळा लहान म्हणून वाचतो. कोलोबस लांब म्हणून मरतो.

इथले बरेच खांब लाकडाचे, त्यामुळे आपल्याकडच्या लोखंडी खांबासारखं एका तारेला आणि खांबाला शिवून मरण्याचं प्रमाण कमी असावं. पण एलटी लाईन ज्या ठिकाणी उभी मांडली आहे, एकाखाली एक चार तारा, तिथे ती माकडाला शिडीच वाटते. खालची तार पायात, वरची हातात. २४० आणि ४१५ व्होल्ट ही घरगुती वीज म्हणून लोकांना धोका वाटत नाही. ओल्या तळव्यांना आणि खाऱ्या हवेला ती पुरते.

ट्रान्सफॉर्मरची जागा सगळ्यात वाईट. बुशिंग (तारा जोडायची चिनीमातीची टोकं), जंपर (जोडतारा), डीओ फ्यूज, अर्थिंग, सगळं हातभर जागेत. वर आंब्याची फांदी असेल तर विचारायलाच नको.

१६ सप्टेंबर

सकाळी दवाखान्याच्या फोनवर खबर आली. वस्तीच्या बाजूला, एलटीचा उभा खांब, शेजारी चिंच. आम्ही पोचेपर्यंत वयात येणारा नर खाली पडून गतप्राण झाला होता. उजव्या हाताच्या तळव्यावर वाटाण्याएवढा काळा खड्डा, कडा पांढऱ्या पडलेल्या. दुसरा डाग डाव्या पोटरीवर, केस जळून कातडी ताणलेली. अंगावर इतरत्र ओरखडाही नाही. आत काय झालं ते बाहेरून कळत नाही. जे वाचतात त्यांचंही तसंच असतं, दवाखान्यातल्या डॉक्टर सांगत होत्या: पहिल्या दिवशी जखम लहान दिसते, पुढच्या काही दिवसांत आतलं मांस मरत जातं आणि मग बोट, हात, शेपूट काढावी लागते.

कळप वर चिंचेवरच होता. एक मादी खालच्या फांदीपर्यंत उतरून आली, बसली, पुन्हा वर गेली.

फुंडींनी त्याला कापडात गुंडाळलं. मी टेप काढला. दोन तारांतलं अंतर दीड फुटाच्या आत. चिंचेची सर्वात जवळची फांदी वरच्या तारेपासून चार फुटांवर. वहीत लिहिताना हात थरथरत होता, पण लिहिलं, कारण या कामात दुःखाचा उपयोग मोजमापातच आहे.

रात्री बराच वेळ जागी होते. दवाखाना हवाच, तिथली माणसं जिवाचं रान करतात. पण माकड दवाखान्यात आलं म्हणजे वाचवण्याची चांगली संधी आधीच हुकलेली असते. माकडं वाचवायची जागा म्हणजे खांब, फांदी, रस्ता आणि हॉटेलचं स्वयंपाकघर. तिथे कोणी फोटो काढत नाही. चिपळूणला परतल्यावर ट्रिपिंगच्या रजिस्टरमध्ये हे सगळे रकाने घालायचे, हे आजच ठरवलं. जागा लिहिली तरच जागा सुधारता येते.

१९ सप्टेंबर

छाटणी. आपल्याकडे मान्सूनपूर्व कामात फांद्या तोडतो तेव्हा डोळ्यांपुढे फक्त तार असते. इथे फुंडींबरोबर चढउतार बघताना कळलं की फांदी तोडणं हे अर्धंच काम. चार फुटांवरची फांदी आठ फुटांवर नेली की माकड तारेवर उतरणं सोडत नाही, फक्त जास्त लांब उडी मारतं आणि पोचलं नाही तर तारच पकडतं. कोलोबस कित्येक मीटर उडी घेतो. म्हणून ठरवताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: इथून तारेवर येता येणार नाही ना, आणि मग पलीकडे जायची दुसरी वाट कुठली? दुसरी वाट नसेल तर आधी पूल, मग छाटणी.

आणखी एक. देशी झाडांना शक्यतो हात लावायचा नाही, आधी कडुनिंबाकडे बघायचं. आपला कडुनिंब या किनाऱ्यावर बेसुमार पसरला आहे, आपण आणलेलं हे झाड देशी रोपांना जागा देत नाही. औषधी म्हणून लोकांचं त्याच्यावर प्रेम आहे आणि बंगलेवाले तो तोडू देताना कुरकुरतात. मी कडुनिंबाच्या देशातली असल्याने मला समजवायला पुढे करतात.

२५ सप्टेंबर

दोन दिवस पुलाचं काम. रस्त्यावरून आडवे बांधलेले हे शिडीसारखे पूल संस्थेच्या सुरुवातीपासूनचे आहेत, आज दोन डझनांहून जास्त आहेत. कोलोबस जमिनीवर उतरायला नाखूष, म्हणून त्यांच्यासाठी बांधले. आता किमा आणि तुंबिली ही दुसरी माकडंही सर्रास वापरतात. बबून मात्र आपला रस्त्यावरूनच जातो.

ज्याची दुरुस्ती केली त्याची एक बाजू सैल झाली होती. दोन समांतर पोलादी दोर, त्यांच्यावर चढवलेली नळी, आणि मध्ये हातभर अंतरावर आडव्या पायऱ्या. माझ्या दृष्टीने सगळी गोम दोराच्या टोकाला. दोर झाडाभोवती फिरवून परत स्वतःवरच क्लिपने आवळतात. क्लिपचं खोगीर नेहमी भार घेणाऱ्या दोरावर बसलं पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भाराच्या दोराला चेंगरतो आणि दोर तिथेच कमजोर पडतो. एक क्लिप तशी उलटी सापडली, बदलली. गॅल्व्हनाइज्ड क्लिपा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या, त्या जागी स्टेनलेसच्या घातल्या. झाडाच्या खोडाभोवती लाकडी गुटके ठेवून वर दोर घेतला, नाहीतर झाड जाडावतं तसा दोर सालीत रुतून झाडालाच फास बसतो.

टर्नबकल फिरवून ताण आणला. किती ताणायचं यावर फुंडींचं आणि माझं थोडं वाजलं. मला झोळ कमी हवा होता, खालून पर्यटकांच्या उंच गाड्या आणि मालाचे ट्रक जातात. त्यांचं म्हणणं, फार ताणला तर वाऱ्यात झाडं हलतात तेव्हा मुळं उचकटतात. त्यांचं बरोबर होतं. पूल एका झाडावर दोन फूट वर सरकवून झोळ तसाच ठेवला.

खाली उतरलो आणि डबा उघडला तोवर किमाचा एक कळप पूल ओलांडून गेला. शेवटचं पिल्लू मधल्या पायरीवर थांबून नव्या क्लिपा निरखत होतं.

१ ऑक्टोबर

आज हॉटेलांमध्ये फिरलो. कोलोबस स्वयंपाकघरात येत नाही, त्याला त्याची पानं पुरतात. येतात ते किमा, तुंबिली आणि बबून. पाहुणे न्याहारीच्या टेबलावरून पाव देतात, काही दिवसांनी तेच माकड ताटावर झडप घालतं, मग रखवालदाराच्या हाती गलोल येते. दोष माकडावर जातो.

संस्थेचं सांगणं साधं आहे: कचऱ्याचे डबे कडीचे हवेत, बुफे उघडा ठेवायचा नाही, खोलीत दाराची आतली कडी लावायची, खायला देणाऱ्या पाहुण्याला तिथल्या तिथे थांबवायचं. एका हॉटेलच्या व्यवस्थापकांनी वैतागून विचारलं, "तुमच्या देशात काय करता?" मी खरं ते सांगितलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माकडं आणि वानरं नारळ, आंबा, काजू, भाजीपाला उद्ध्वस्त करतात. शेतकरी मोर्चे काढतात. कोणी शेतीच सोडून दिली आहे. ज्याचं पीक गेलं त्याला प्राणिप्रेम शिकवायला मी जाणार नाही. पण इथे पीक जात नाही, पाव जातो, तोही हौसेने दिलेला. हे थांबवता येण्यासारखं आहे. ते ऐकून घेत होते. डबे बदलण्याचं त्यांनी कबूल केलं, पुढच्या महिन्यात कोणीतरी जाऊन बघायचं आहे.

६ ऑक्टोबर

सुट्टी. दक्षिणेला काया किनोंडो पाहायला गेलो. मिजिकेंडा समाजाची ही पवित्र वनं, प्रत्येक कायेचे म्हातारे जाणते राखणदार असतात. २००८ साली युनेस्कोने या वनांना जागतिक वारशात घेतलं, त्यात किनोंडोही आहे. आत जाण्यापूर्वी कमरेला काळं वस्त्र गुंडाळायला देतात. पानही तोडायचं नाही, काही बाहेर न्यायचं नाही.

सुमारे तीस हेक्टरांचं रान, पण आत शिरल्यावर आवाजच बदलतो. मला आमच्या गावची देवराई आठवली. तीच पानांची जाड गादी, तीच वेलींची जाडी, तीच न बोलता पाळली जाणारी बंदी. वाट दाखवणाऱ्या म्झेंना (स्वाहिलीत वडीलधारे) सांगितलं की आमच्याकडेही देवाच्या नावाने रान राखतात, कुऱ्हाड चालवत नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तरुण मुलं अजून पाळतात?" काही गावांत पाळतात, काही ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी झाडं गेली, असं मी सांगितलं. ते म्हणाले, इथेही हॉटेलांना जमीन हवी असते, म्हणून पाहुण्यांना तिकीट लावून आत आणतो, त्या पैशांतून शाळेला मदत होते आणि मुलं काया आपली मानतात.

वर कोलोबस होते. सगळ्या दिआनीत आज पहिल्यांदा ते अशा ठिकाणी पाहिले जिथे वर एकही तार नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. टूलबॉक्स, क्रिंपिंग टूल, फुंडींचा हार्नेस आणि दोर ओट्यावर मांडून जास्वंदीची फुलं वाहिली. फुंडींनी विचारलं, सांगितलं की ज्या हत्यारांवर पोट आहे त्यांना आज नमस्कार करतात. त्यांनी आपली करवतही आणून ठेवली.

दुपारी कोलोबसचं पिल्लू पडल्याचा फोन. कुंपणाशेजारी, पांढरं, आठवड्या-दोन आठवड्यांचं असावं. हाड मोडलेलं नव्हतं. कोलोबसचं पिल्लू बाटलीवर वाढवणं महाकठीण, ते नाजूक पोट बहुतेक वेळा साथ देत नाही, म्हणून सगळी धडपड ते आईकडे परत जाण्याची. डॉक्टरांनी मास्क-हातमोजे घालून तपासलं आणि टोपलीत घालून, कळप ज्या झाडावर होता त्याच्या खालच्या फांदीला टांगलं. आम्ही सगळे बरेच मागे. लोक जमले होते, त्यांना गप्प करणं आणि कुत्री बांधायला लावणं हे आमचं काम. मी गेटवर उभी होते, पाठ झाडाकडे, तोंड रस्त्याकडे. मादी कधी उतरली ते मी पाहिलंच नाही. मागून फुंडींचा आवाज आला, "घेतलं."

१७ ऑक्टोबर

वार्षिक गणना चालू आहे. पट्टे वाटून घेऊन एका रेषेत चालायचं, कळप दिसला की जात, नर-माद्या, तरुण, पिल्लं असं लिहायचं आणि शेजारच्या पट्ट्याला कळवायचं म्हणजे तोच कळप दोनदा मोजला जात नाही. बंगल्यांच्या आवारातूनच जावं लागतं, त्यामुळे सकाळ निम्मी रखवालदारांशी बोलण्यात जाते. माझ्या पट्ट्यातल्या एका कळपात दोन पांढरी पिल्लं. एका प्रौढ मादीला डावा हात कोपरापासून नाही, तरी ती तीन अवयवांवर सगळ्यांबरोबर चालते. तिची जखम विजेचीच असं डॉक्टरांचं मत.

चिंचेजवळच्या तारांवर कव्हर चढवण्यासाठी वीज कंपनीकडे मागितलेल्या शटडाऊनची तारीख पुन्हा पुढे गेली. २० तारखेचा माशुजा (वीर) दिवसाचा राष्ट्रीय सोहळा यंदा क्वालेत आहे, सगळी माणसं तिकडच्या तयारीत. समजण्यासारखं आहे, पण दरम्यान पाऊस सुरू झाला तर ओल्या फांद्या आणि ओली माकडं.

२३ ऑक्टोबर

शटडाऊन मिळालं, सकाळी नऊ ते एक. चिंचेजवळचा तो खांब आणि पुढचे तीन गाळे (दोन खांबांमधला तारांचा भाग).

चढले वीज कंपनीचेच लाईनमन. आमचं काम खालून साहित्य देणं आणि मोजमाप. परमिट हातात आल्यावर त्यांनी टेस्टर लावला, प्रत्येक तारेवर डिस्चार्ज रॉड टेकवला, दोन्ही बाजूंना तात्पुरतं अर्थिंग बांधलं, मगच हात घातला. वस्तीत जनरेटर आहेत, उलट वीज कधी येईल सांगता येत नाही. हा क्रम पाहून फार बरं वाटलं. कोणत्याही देशातला चांगला लाईनमन याच क्रमाने काम करतो.

कव्हर म्हणजे लांबीने चिरलेली जाड नळी. तारेवर उघडून चढवायची, कडा एकमेकींत अडकवून दाबायच्या, आणि चीर खाली ठेवायची म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. दोन नळ्यांचा जोड वीतभर एकमेकींवर. खांबाजवळ इन्सुलेटरपाशी नळी तोकडी पडते आणि नेमका तिथेच माकड हात टाकतं, म्हणून तिथे वेगळी टोपी. जंपर राहिले होते, ते शेवटच्या वीस मिनिटांत झाले. शेवटची टोपी बसली, अर्थिंग काढलं, माणसं मोजली, परमिट परत केलं. लाईन चार्ज.

लाईनमनमधल्या ज्येष्ठांनी जाताना विचारलं की पुढच्या ट्रान्सफॉर्मरसाठी बुशिंगचे कव्हर किती लागतील. आपण होऊन विचारलं, याचं मोल फार आहे.

२६ ऑक्टोबर

हस्तांतर. पुढे येणाऱ्या स्वयंसेवकासाठी:

सर्वेची शीट कार्यालयाच्या संगणकावर आणि छापील प्रत फाईलला. लाल खुणेचे खांब आधी. त्यातले शाळेजवळचे दोन वीज कंपनीकडे लेखी दिले आहेत, पोच फाईलला आहे, दर पंधरवड्याला विचारत राहा.

चिंचेच्या खांबाची कव्हरं सहा महिन्यांनी दुर्बिणीने तपासा. उन्हाने भेगा पडतात, भेगेत मीठ आणि पाणी साचतं. फांद्या पावसानंतर वाढतील, डिसेंबरच्या शेवटी पुन्हा मोजा.

दुरुस्त केलेल्या पुलाच्या क्लिपा पहिल्या महिन्यानंतर एकदा आवळायच्या आहेत. नवा दोर बसतो तसा थोडा लांबतो. टर्नबकलला हात लावण्याआधी फुंडींना विचारा.

कव्हर घातलेल्या तारेला कोणीही, कधीही सुरक्षित समजू नये. ते माकडाच्या क्षणभराच्या स्पर्शासाठी आहे, माणसाच्या कामासाठी नाही. फांदी कापायची असली तरी पूर्ण शटडाऊन, परमिट, अर्थिंग. चारही खांबांवर स्वाहिलीत पाट्या लावल्या आहेत. ट्रान्सफॉर्मरजवळची पाटी लावायची राहिली आहे, ती रंगवून दवाखान्याच्या मागच्या खोलीत वाळत ठेवली आहे.